निर्जन रस्ता आणि अमानुष न्याय



ज्या शिक्षिकाबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर मुलींना शिकविले. आणि मुलींना शिकवावयाचे म्हणजे आधी घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता त्यांना सुखरूप मिळवून द्यावयाचा, ही गोष्ट आपल्याकडे स्त्रीशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून खरी ठरत आली आहे. १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, त्यानंतर सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला गेला तो वर्गात नव्हे, जातायेता रस्त्यात. शाळेत पोहोचल्यावर बदलण्यासाठी त्या दुसरे लुगडे जवळ बाळगीत, असे आपण त्यांच्या चरित्रांतून वाचत आलो आहोत. म्हणून भयपटासारखा विषय अशा स्मृतिप्रसंगी कोणाला हलका किंवा विसंगत वाटला, तर त्यांनी घटकाभर धीर धरावा अशी माझी विनंती आहे. ज्या रस्त्याविषयी मला बोलावयाचे आहे तो तोच रस्ता आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. रस्त्यावर छळ सोसलेल्या स्त्रीचा सूड एखाद्या भूतपिशाच्चाने घ्यावा, अशी कथा ज्या समाजात पुनःपुन्हा जन्म घेते, त्या समाजात राजा, कायदा आणि शेजारी हे तिघेही आपापल्या जागेवरून उठून गेलेले असतात. आणि त्या तिघांतही सर्वांत आधी उठून जातो तो शेजारी, म्हणजे रस्त्यावरचा तिऱ्हाईत माणूस. त्याची रिकामी झालेली जागा हडळीने भरून काढलेली असते.

२०१७ साली केट डोलन या आयरिश दिग्दर्शिकेने ‘कॅटकॉल्स’ नावाचा एक छोटा भयपट केला. त्याची लांबी अवघ्या काही मिनिटांची आणि कथा दोन वाक्यांत सांगता येण्याजोगी. रात्रीच्या वेळी मोटार घेऊन एक पुरुष वस्तीतून हिंडत आहे. रस्त्यात त्याला दोन मुली दिसतात, त्यांच्यासमोर तो निर्लज्जपणे अंगप्रदर्शन करतो आणि पुढे जातो. त्याच्या दृष्टीने प्रकरण तेथेच मिटलेले असते, कारण अशी प्रकरणे तेथेच मिटतात असा त्याचा आजवरचा अनुभव असतो. परंतु या मुली मनुष्यकोटीतल्या नाहीत. त्या त्याचा माग काढीत येतात, आणि जो शिकारीस निघाला होता त्याचीच शिकार होते.

या लघुपटाचे मर्म त्यातील रक्तपातात नाही. भयपटांचा एक जुना संकेत आहे. एकटी स्त्री चालली आहे, छायाचित्रकाराचा डोळा तिच्या पाठीवर खिळलेला आहे, आणि प्रेक्षक तिच्या मागून चालणाऱ्याच्या पावलांशी आपली पावले नकळत जुळवून घेतो, अशी ती मांडणी असते. म्हणजे भय स्त्रीचे आणि दृष्टी मात्र पाठलाग करणाऱ्याची, ही वाटणी कित्येक वर्षे कोणालाही न खटकता चालू राहिली. डोलन यांनी ती वाटणी उलटी केली. मागे वळून पाहण्याची, किल्ली कुलपात घालताना हात कापण्याची, आपल्याच दाराशी आपण सुरक्षित नसल्याची पाळी त्यांनी पुरुषावर आणली. हे भय अलौकिक म्हणून दाखविलेले असले तरी ते काही नवे निर्माण केलेले भय नव्हे. स्त्रियांच्या अंगवळणी पडलेले, रोजच्या व्यवहारातले भय उचलून ते दुसऱ्याच्या पदरात टाकले आहे, एवढेच.

याच जातीची दुसरी कृती अधिक विस्ताराने पाहण्याजोगी आहे. इराणी वंशाच्या अमेरिकन दिग्दर्शिका ॲना लिली अमीरपूर यांनी २०११ साली ‘अ गर्ल वॉक्स होम अलोन ॲट नाइट’ या नावाचा लघुपट केला आणि २०१४ साली त्याच नावाचा पूर्ण लांबीचा चित्रपट पडद्यावर आणला. भाषा फारसी, रंग कृष्णधवल, चित्रीकरण कॅलिफोर्नियातील टॅफ्ट या गावचे आणि कथेचे स्थळ ‘बॅड सिटी’ नावाची एक कल्पित नगरी. शीला वँड यांनी साकारलेल्या नायिकेला चित्रपटभर नाव नाही. ती केवळ ‘मुलगी’ आहे. काळी चादोर पांघरून ती रात्री रस्त्यांतून हिंडते, आणि ती रक्तपिपासू आहे. रात्री एकटी घरी निघालेली मुलगी, हे शीर्षक वाचताच ज्या मुलीविषयी आपल्याला काळजी वाटू लागते, तिच्याविषयी ती काळजी करण्याचे कारण नाही, काळजी तिला भेटणाऱ्यांची करावयास हवी, हे पहिल्या अर्ध्या तासातच ध्यानात येते. सईद नावाचा एक दलाल आहे. ज्या वेश्येच्या मिळकतीवर तो जगतो तिच्या तोंडात तो उद्दामपणे बोट घालतो. पुढे तोच या मुलीला घरी नेतो आणि तीच खोड तिच्याशी करू जातो, तेव्हा ती ते बोट तोडून टाकते. गुन्हा ज्या अवयवाने केला त्याच अवयवापासून शिक्षेला आरंभ व्हावा, ही न्यायाची अतिप्राचीन कल्पना येथे एका क्षणात साकार होते.

परंतु या चित्रपटातील मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग सईदचा नाही. तो एका लहान मुलाचा आहे. रस्त्यात रात्रीचे कोणी नाही. चाकांची फळी घेऊन उभ्या असलेल्या त्या पोराला ती मुलगी गाठते आणि विचारते, तू चांगला मुलगा आहेस का? तो होय म्हणतो. ती पुन्हा विचारते. तो पुन्हा होय म्हणतो. मग ती आपले खरे मुख त्याला दाखविते, खोटे बोललास तर डोळे काढीन असे बजावते, जन्मभर तुझ्यावर माझी नजर राहील असे सांगते, आणि ते पोर पळून गेल्यावर त्याची फळी घेऊन स्वतः उतारावरून मनसोक्त घरंगळत जाते. चादोर वाऱ्यावर पंखांसारखी उघडते. प्रेक्षकाला त्या क्षणी आनंद होतो, आणि तो होणे स्वाभाविक आहे. कारण रात्रीच्या रस्त्यावर स्त्रीला निव्वळ मौजेने फिरताना आपण फार क्वचित पाहिलेले असते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतील स्त्रियांच्या वावराचा अभ्यास करून २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ हा ग्रंथ लिहिला. रस्त्यावर दिसणाऱ्या स्त्रीला आपल्या तेथे असण्याचे प्रयोजन सतत सिद्ध करावे लागते, आणि प्रयोजनावाचून रेंगाळण्याचा हक्क हाच खरा नागरिकत्वाचा हक्क आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अमीरपूर यांची पिशाच्चकन्या तो हक्क बजावते. पण त्यासाठी तिला आधी मरावे लागले आहे, हे आपण विसरता कामा नये. आणि ते पोर? ते पोर चांगले झाले असेल तर भयाने झाले असेल. भयाने आलेला चांगुलपणा, भय दाखविणारा दृष्टीआड होताच किती काळ टिकतो, याचा हिशेब चित्रपट देत नाही.

आपल्या देशात २०१८ साली अमर कौशिक दिग्दर्शित ‘स्त्री’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्याने हीच उलथापालथ विनोदाच्या अंगाने केली. चंदेरी गावात उत्सवाच्या चार रात्री एक स्त्रीरूप पिशाच्च पुरुषांना पळविते. म्हणून पुरुषांनी सूर्यास्तानंतर घराबाहेर पडू नये, पडल्यास एकट्याने पडू नये, मागून हाक आल्यास वळू नये, असा बंदोबस्त होतो, आणि तिला उद्या येण्याची विनवणी दारोदारच्या भिंतींवर लिहिली जाते. प्रेक्षागृहात पुरुष खदखदा हसले. त्यांच्या शेजारी बसलेल्या स्त्रियाही हसल्या, परंतु त्या हसण्यात ओळखीचा अंश होता. कारण पडद्यावरच्या पुरुषांना जे नियम चार रात्रींपुरते लागू झाले, तेच नियम या स्त्रियांना जन्मापासून लागू होते, आणि त्यांची आठवण देण्यासाठी कोणत्याही पिशाच्चाची गरज कधी पडली नव्हती.

महाराष्ट्राला हे काही परके नाही. कोकणच्या लोकसमजुतींचा संग्रह ब्रिटिश अधिकारी एन्थोव्हेन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केला. त्यात हडळ, जखीण, लावसट, अळवंतीण अशी स्त्री-भुतांची मोठी नामावळी सापडते. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रीची हडळ होते, विधवेची लावसट होते. या याद्या वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. सुखासमाधानाने, भरल्या घरात, म्हातारपणी गेलेल्या स्त्रीचे भूत सहसा होत नाही. जिच्या वाट्याला हाल आले, जिची दाद कोठे लागली नाही, तीच परत येते. चावडीवर जी कैफियत कोणी लिहून घेतली नाही ती पिंपळाखाली आणि विहिरीच्या काठी नोंदली गेली. ग्रामीण भूतकथा हे एका अर्थी न ऐकलेल्या फिर्यादींचे दफ्तर आहे.

आणि आता, सभाजनहो, या सर्व कथांची जी आदिकथा, तिच्याकडे वळतो. महाभारताच्या विराटपर्वात द्रौपदी सैरंध्रीच्या वेषात विराटाच्या राणीच्या सेवेस आहे. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक तिच्या मागे लागतो; आणि स्वतः राणीच मद्य आणण्याच्या निमित्ताने तिला त्याच्या घरी धाडते. सैरंध्री तेथून पळते ती थेट राजसभेत, म्हणजे दाद मागण्याच्या जागी. आणि भर सभेत, राजाच्या डोळ्यांदेखत, कीचक तिचे केस धरून तिला लाथ मारतो. ती न्याय मागते तेव्हा राजाचे उत्तर असे, की तुमचा तंटा माझ्या परोक्ष झाला, त्यातील तथ्य जाणल्यावाचून मी काय निवाडा द्यावा? लाथ समोर मारलेली होती! सभेत कंकाच्या वेषातील युधिष्ठिरही होता. अज्ञातवास मोडू नये म्हणून त्यानेही तिला अंतःपुरात जाण्यास सांगितले. पुढचे सर्वांस ठाऊक आहे. रात्री नृत्यशाळेत भीमाने कीचकाला असे मारले, की हात कोठे, पाय कोठे, मस्तक कोठे हे कळू नये. आणि ते प्रेत पाहून नगरजनांनी एकमुखाने ठरविले, की हे माणसाचे कृत्य नाही, सैरंध्रीच्या गंधर्व पतींनी हा सूड घेतला.

येथवर आपण कथा सांगतो आणि थांबतो. खाडिलकरांच्या १९०७ च्या ‘कीचकवध’ नाटकाने महाराष्ट्र हलविला. प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसला, आणि ब्रिटिश सरकारने १९१० साली नाटकावर बंदी घातली. त्या नाटकाचे राष्ट्रीय मोल मी रतिभरही कमी करू इच्छीत नाही. तरीही इतके म्हटले पाहिजे, की सैरंध्रीची फिर्याद राष्ट्राची झाली त्या क्षणी एका राबणाऱ्या बाईची फिर्याद म्हणून ती पुन्हा मागे पडली. आणि मूळ कथेचा जो उत्तरार्ध आहे, तो तर आपण जवळजवळ विसरूनच गेलो आहोत. कीचकाच्या भावांनी तिला प्रेताबरोबर जाळण्यासाठी बांधून नेले, आणि राजाने त्याला संमती दिली. भीमाने त्यांनाही मारून तिला सोडविले. ती नगरात परतली तेव्हा तिला पाहताच पुरुष दाही दिशांना पळाले. कित्येकांनी डोळे मिटून घेतले. मग राजाने काय केले? कीचकाला इतकी वर्षे मोकळे कोणी सोडले याचा तपास केला? सभेतील आपल्या मौनाची लाज बाळगली? त्याने राणीकडून सैरंध्रीला निरोप पाठविला, की तू हे नगर सोडून जा. तिने आणखी तेरा दिवसांची मुदत मागितली.

व्यासांच्या प्रतिभेने या एका प्रसंगात अलौकिक सूडाची संपूर्ण मर्यादा दाखवून ठेवली आहे. सूडाने दुष्ट मेला. परंतु सभा होती तशीच राहिली, राजा होता तसाच राहिला, आणि नगराबाहेर जाण्याची पाळी जिच्यावर अन्याय झाला तिच्यावरच आली. पुरुषांनी डोळे मिटले ते आदराने नव्हे, भयाने. कालपर्यंत जी उपभोग्य होती ती आज भयंकर झाली. मधली, साध्या माणसाची जागा तिला एक दिवसही मिळाली नाही. भयपटातील सूड पाहून ज्या स्त्रीला क्षणभर बरे वाटते तिला मी दोष देणार नाही. तो तिचा कष्टार्जित विसावा आहे. पण विसावा म्हणजे न्याय नव्हे.

मग न्याय कोठे आहे? कायदा आहे, आणि त्याची थोरवी मी मानतो. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ५०९ ने स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने काढलेला शब्द किंवा केलेला हावभाव गुन्हा ठरविला. मात्र मागे लागणे, पाठलाग करणे, हा स्वतंत्र गुन्हा म्हणून संहितेत येण्यासाठी २०१३ साल उजाडावे लागले. दिल्लीतील १६ डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घोर प्रकारानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल सादर केला, त्यानंतर ते कलम आले. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय न्याय संहितेत गेल्या आहेत. पण एक तारीख आणखी आहे, आणि ती फारशी कोणाच्या स्मरणात नाही. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात छेडछाडीसंबंधी निर्देश दिले. बसमध्ये असा प्रकार घडल्यास छळ सोसणाऱ्या स्त्रीच्या सांगण्यावरून गाडी जवळच्या पोलिस ठाण्यात न्यावी, ही जबाबदारी त्यात गाडी चालविणाऱ्यांवर टाकली. आणि असा प्रकार पाहणाऱ्या वाटसरूंनीही तो पोलिसांना कळवावा असे सांगितले. त्यानंतर सोळाव्या दिवशी दिल्लीत जे घडले ते एका चालत्या बसमध्ये घडले, आणि ते करणाऱ्यांत त्या बसचा चालक होता. हुकूम कागदावर होता. तो पाळणारा मनुष्य गाडीत नव्हता.

रांझ्याच्या पाटलाची हकीकत आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. १६४६ साली शिवाजीमहाराजांनी बदअमलाबद्दल त्या मोकदमाचे हातपाय तोडविले, आणि स्त्रीच्या अब्रूवरील घाल्याची ही शिक्षा म्हणून महाराष्ट्र ती कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला. शिक्षेची आपल्याला आठवण आहे. परंतु गावचा पाटीलच गुन्हेगार असताना ती हकीकत हुजुरापर्यंत पोहोचली कशी? कोणीतरी ती नेली असली पाहिजे, कोणीतरी पाटलाच्या दहशतीस न जुमानता बोलले असले पाहिजे. त्या माणसाचे स्मरण आपण करीत नाही. राजा न्यायी असला तरी त्याचे कान गावात असावे लागतात.

आता एखाद्या संध्याकाळी कोणत्याही एस. टी. स्थानकावर उभे राहून पाहा. कॉलेजातून परतणारी मुलगी दप्तर पाठीवरून काढून छातीशी धरते. मागे कोणी उगाच घुटमळू लागला की ती कोणाचाही फोन आलेला नसताना फोन कानाला लावते आणि मोठ्याने ‘हो बाबा, पोचलेच’ म्हणते. मग सरकत सरकत लेकुरवाळ्या बाईच्या बाजूला जाऊन उभी राहते. वीस माणसे हे पाहतात. वीसही जणांना समजते. शिट्टी वाजते, धक्का लागतो, आणि विसांतील एकोणीस जण गाडीच्या पाटीकडे पाहू लागतात. घरी गेल्यावर तिने सांगितलेच, तर उत्तर ठरलेले असते : ‘दुर्लक्ष कर, उद्यापासून लवकरची गाडी धर.’ विराटाने सैरंध्रीला नगर सोडण्यास सांगितले त्याचीच ही घरगुती आवृत्ती आहे. फौजदाराकडे जावे तर नाव माहीत नाही, साक्षीदार नाही. ज्यांनी पाहिले ते सर्व पुढच्या गाडीने गेले. या जागी, नेमक्या या जागी, सिनेमातली हडळ जन्म घेते.

मी सांगतो ते सोपे आहे असा माझा दावा नाही. २०११ च्या ऑक्टोबरात मुंबईत अंधेरी भागात मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकले म्हणून दोन तरुण भोसकले गेले आणि प्राणास मुकले. २०१६ साली चौघा आरोपींना जन्मठेप झाली. ते दोघे एकटे पडले म्हणून मेले. त्या रस्त्यावर तेव्हा माणसे होती. पन्नास जण एका वेळी एक पाऊल पुढे सरकले असते तर सुरे बाहेर निघाले नसते, असे मला वाटते. आणि म्हणूनच मी कोणाला भीम होण्याचे आवाहन करीत नाही. भीम एकटाच होता, आणि एकट्याच्या पराक्रमाने काय बदलले नाही ते आपण पाहिले. मला हवी आहे ती साधी, बिनशौर्याची, पुष्कळांनी मिळून करावयाची गोष्ट. त्या मुलीला ‘काय ग, काही त्रास आहे का?’ असे मोठ्याने विचारणे. तिच्या आणि त्या सडकसख्याहरीच्या मध्ये नुसते जाऊन उभे राहणे. वाहकाने घंटी वाजवून गाडी थांबविणे. ठाण्यात तिच्याबरोबर जाऊन आपले नाव आणि पत्ता साक्षीदार म्हणून लिहून देणे, आणि पुढे तारीख पडली की कामधंदा टाकून हजर राहणे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कंटाळवाणी आहे, आणि सर्वांत मोलाची आहे.

येथे बसलेल्या पुरुषांना मला विशेष सांगावयाचे आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी कधी कोणाची छेड काढलेली नाही, आणि तेवढ्यावर आपण स्वतःला निर्दोष समजतो. विराटाच्या सभेतही लाथ एकट्या कीचकानेच मारली होती. बाकीचे सर्व सभ्य गृहस्थ होते. आपल्या मुलांना आपण सांगावे, की चांगला मुलगा तो नव्हे ज्याला डोळे काढले जाण्याची भीती आहे. चांगला मुलगा तो, जो मित्राने शिट्टी वाजविली तर मित्राला तेथल्या तेथे गप्प करतो. हे शिकविण्यासाठी कोणत्याही पिशाच्चाची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि सरकारच्या पुढच्या हुकुमाचीही नाही. उद्या संध्याकाळी आपण गाडीसाठी उभे राहाल, तेव्हा पाटीकडे पाहू नका. त्या मुलीकडे लक्ष ठेवा, आणि वेळ आली तर साक्ष द्या.